न्हाणीच्या कोनाड्यातला दगड

गोकुळदासच्या घरी सगळं घोडं अडलं होतं ते एका दगडापाशी, आणि दगड तरी केवढा, हातभर लांब आणि वीतभर रुंद. कारापुरातल्या त्याच्या घरामागे नवी न्हाणी उभी राहिली होती. पांढऱ्याशुभ्र टाइल्स छातीपर्यंत चढल्या होत्या, धरायला स्टीलचा दांडा बसला होता, पाय न घसरणारं स्टूल आलं होतं. स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशा बेतानं भिंतीत साबण-तेलासाठी एक कोनाडा सोडला होता. त्या कोनाड्यात आडवी बसवायची दगडी फळी तेवढी राहिली होती. तिची दोन्ही टोकं टाइल्सच्या मध्ये दाबून घ्यायची असल्यामुळे ती आल्याशिवाय वरच्या टाइल्स चढत नव्हत्या.

टाइल्स बसवणारा विठू रोज सकाळी यायचा, कोनाड्यात डोकावायचा आणि सुमनकडे वळून विचारायचा, "वैनी, दगड गावलो?"

"आज गावतलो," असं सुमन म्हणायची आणि त्याला चहा द्यायची. विठू चहा पिऊन दुसऱ्या कामावर जायचा. असं बरेच दिवस चाललं होतं, आणि विठूला त्या घरचा चहा आवडू लागला होता हे सोडलं तर त्यातून काही निष्पन्न होत नव्हतं.

एवढ्याशा दगडाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं आधी मांयकडे बघावं. मांय म्हणजे गोकुळदासची आई सत्यवती. सगळं घर तिला मांय म्हणे. आयुष्यभर कुळागरात, माड-पोफळीच्या बागेत, राबलेली बाई. काळोखात उठायचं, न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, जाळ घालायचा, कढत पाण्यानं न्हायचं, तुळशीला पाणी घालायचं आणि मग घर उठवायचं, हा तिचा नेम. पुढे डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले की आहे ती नजर सांभाळा. आहे ती म्हणजे उजेड, सावल्या आणि ठळक रंग. पण ही गोष्ट घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. "माका सगळें दिसता," असं मांय ठणकावून सांगायची आणि दाराच्या चौकटीला खांदा घासत आत यायची. मग बघणारेही दुसरीकडे बघायचे.

गेल्या गणेश चवथीनंतर ती पडली. जुन्या न्हाणीत साबण जनेलावर ठेवायची रीत होती. खिडकीच्या त्या अरुंद कट्ट्यावर मांयनं चाचपडत हात नेला, साबण खाली पडला, त्यावरच तिचा पाय पडला आणि मनगट मोडलं. मनगट यथावकाश जुळलं. डॉक्टर म्हणाले, जागा नीट करून द्या, आजी एकट्या आंघोळ करू शकतील. तोवर तिला सुमन न्हाऊ घालत होती.

हे दोघींनाही आवडत नव्हतं आणि दोघीही तसं म्हणत नव्हत्या. सुमन दोडामार्गाकडची, शेतकऱ्याची मुलगी. कामाचा तिला कंटाळा नव्हता. तिला सोसवत नव्हतं ते निराळंच. बाहेर सुनेला चार शब्द सुनावणारी मांय न्हाणीचं दार लागलं की मान खाली घालून बसायची. पाणी कढत असलं तरी हूं नाही की चूं नाही. हिनं आपल्यावर ओरडावं, तांब्या हिसकावून घ्यावा, पण अशी गप्प बसू नये, असं सुमनला रोज वाटे. मांय पुन्हा एकटी, आपल्या मर्जीनं न्हाऊ लागली पाहिजे, एवढी एकच गोष्ट तिला त्या नव्या न्हाणीकडून हवी होती.

म्हणून तर दगडावरून वाजलं. शुक्रवारच्या बाजाराला नवरा-बायको म्हापशाला गेली आणि यशवंतच्या मार्बलच्या दुकानामागे, जिथं कापून उरलेले तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, तिथं उभी राहिली. सुमननं काळा, चकचकीत पॉलिशचा ग्रॅनाइट उचलला. गोकुळदासनं पांढरा संगमरवर उचलला.

"पांढरो टायलीत मिळान जातलो," सुमन म्हणाली. "मांयक काळा बरा दिसता. पांढऱ्या मेजावरचो दुधाचो कप त्येंका गावणा नाय, पण चष्म्याचो काळो डबो बरोबर गावता. मी बघलंय."

"न्हाणयेंत काळो फातर बसयल्यार काळोख पडटलो," गोकुळदास म्हणाला. "धवो बसय. उजवाड जातलो. उजवाड जालो म्हणटकच मांयक बरें दिसतलें."

म्हणजे दोघांचाही जीव मांयसाठीच तुटत होता, आणि नेमक्या अशाच भांडणात कोणी मागे हटत नाही. दुकानदार यशवंत पुष्कळ वेळ ऐकत होता. अखेर त्यानं हात टेकले आणि दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिले. घरी लावून बघा, नको तो परत आणा, पण आता दुकान बंद करू द्या, असं त्याचं म्हणणं होतं.

घरी मांयला विचारणं सर्वांत सोपं. पण विचारायचं काय? यातला कोणता तुला दिसतो, असंच ना? ते विचारण्याची छाती दोघांतही नव्हती. दगड कागदातच राहिले आणि विठूचा चहा चालू राहिला.

इथं गोकुळदासबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. माणूस वीज खात्यात कारकून, ऑफिसात शहाणा. घरचा निर्णय मात्र गावच्या सातेरी देवीला विचारल्याशिवाय त्याच्या हातून होत नसे. आमच्याकडे देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीची संमती, डावीकडची पडली तर नकार. ह्याला प्रसाद घेणं म्हणतात. स्कूटर घेताना गोकुळदासनं प्रसाद घेतला होता, विहीर खणताना घेतला होता. सुमनशी लग्न ठरवतानाही घेतला होता, आणि देवीनं उजवा दिला होता, त्यामुळे पुढे भांडणात सुमनला ते एक वाक्य ऐकवायला त्याला बरं पडे.

तर एके सकाळी हा गृहस्थ दोन्ही दगड पिशवीत घालून देवळात गेला, आणि येताना तोंडभर हसत आला.

"सुमन, तुजेंच खरें जालें," तो अंगणातूनच म्हणाला. "देवीन काळ्याक उजवो दिलो. धव्याक सारको डावो."

सुमनचा जीव भांड्यात पडला. देवीचे मनोमन आभार मानत तिनं पिशवीत हात घातला, दगड बाहेर काढला, आणि तिचे हात जागच्या जागी राहिले. काळ्या दगडाच्या मधोमध हळदकुंकवाची बोटं उठली होती. वर अबोलीचं फूल चिकटलं होतं. तीर्थाचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

झालं होतं ते असं. प्रश्न कशाबद्दल आहे हे देवीला नीट कळावं म्हणून गोकुळदासनं दोन्ही दगड गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर मांडले होते. पुजारी महादेवनं रीतसर गाऱ्हाणं घातलं, की माये, तुझं लेकरू न्हाणीच्या दगडासाठी तुझ्या पायांशी आलंय, योग्य तो दाखव. काळ्याला उजवी पाकळी पडली. मग महादेवनं हाताच्या सवयीनं, नव्या स्कूटरला करतात तसं, दगडाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि तीर्थ शिंपडलं. गोकुळदासही हात जोडून उभा राहिला होता. त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा दगड आता साबण ठेवायला न्यायचा आहे.

"आता ह्येच्यार साबण ठेवतलास?" सुमननं विचारलं.

गोकुळदासचं हसू तिथंच मावळलं. पण खरी कसोटी पुढेच होती, कारण गोकुळदासचं बोलणं ऐकून मांय ओसरीवर आली होती. तिनं हात पुढे केला, दगड मागून घेतला, बोटांनी कुंकू चाचपलं आणि दगड दोन्ही डोळ्यांना लावला.

"हो न्हाणयेंत वचूंक जायना," ती म्हणाली. "देवीन आपलो केल्लो फातर. ताच्यार साबण दवरूं? तुमी पिशीं जाल्यांत?"

"बरां, मगे पांढरो बसवया," सुमन म्हणाली. हार मानायची तिची तयारी झाली होती.

"धव्याक देवीन डावो दिला न्हय? देवी नाका म्हणटा तें करचें?"

अशी कोंडी झाली. काळा देवीचा झाला होता म्हणून चालत नव्हता, पांढरा देवीनं नाकारला होता म्हणून चालत नव्हता. विठू नेमका त्याच वेळी आला. त्यानं एकेकाचं तोंड बघितलं, काही न विचारता ओट्यावर बसला आणि आपणहून म्हणाला, "चाय आसा?"

गोकुळदास काकुळतीला आला. फळीच नको, प्लास्टिकची साबणदाणी ठोकू, असं त्यानं सुचवलं. विठू म्हणाला, टाइलला भोक पाडलं तर ती फुटेल. तेव्हा मांयनंच तोड काढली. "फातर कित्याक जाय? हांव साबण सकयल, स्टुलाकडेन दवरीन. माका गावतलो."

सुमनला दिसलं ते खाली साबण, ओली फरशी आणि मांय. इतके महिने जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघून गेलं.

"खाली पडलेल्या साबणावरसूनच तुमी पडलास, मांय. तुमका दिसणा नाय."

विठूनं कप खाली ठेवला आणि आपल्याला दुसरीकडे काम असल्याचं पुटपुटत तो निघून गेला. गोकुळदास चपलांकडे बघत बसला. मांय वळली, चौकटीला खांदा घासत आत गेली आणि देवीचा दगड तुळशीपाशी नेऊन ठेवण्यापुरती तेवढी बाहेर आली. दिवसभर ती कोणाशी बोलली नाही.

सुमनला वाटलं, आपण घर मोडलं. खरं बोललो याचं समाधानही वाटेना. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना तर मांय अशी गप्प होती की सुमननं हातातला तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "मांय, माझा चुकला."

"उदक घाल," मांय म्हणाली. मग केस पुसून झाल्यावर, लुगडं नेसता नेसता, अगदी सहज म्हणाली, "सुक्राराक म्हापशाक वचूंया. हांवय येतां."

मांय घराबाहेर पडली त्यालाही बराच काळ लोटला होता. शुक्रवारी बसमध्ये तिनं खिडकीची जागा घेतली, म्हापशाच्या स्टँडवर उतरताना गोकुळदासचा हात झिडकारला आणि सुमनचा खांदा धरला. बाजारातून जाताना मिरच्या विकणाऱ्या बायकांकडून ठसका आला, तशी ती म्हणाली, "अजून हांगाच बसतात मगो ह्यो." आणि सुमनला अंमळ धीर आला.

यशवंतनं दोघांना ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. पण मांयला बघून त्यानं खुर्ची आणून दिली. गोकुळदासनं पांढरा तुकडा परत केला, काळ्याचं काय झालं ते चाचरत सांगितलं. यशवंत हसला नाही, हे त्याच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे. त्यानं मागून आणखी तुकडे आणले. तांबूस, हिरवट, राखाडी, पुन्हा एक चकचकीत काळा. मांयनं सुमनला जवळ बोलावलं.

"आमच्या न्हाणयेची टायल कशी आसा?"

"पांढरी, मांय."

"तर तसली एक टायल हाड रे बाबा. तिच्यार एकेक फातर दवर आनी माका दाखय."

यशवंतनं पांढरी टाइल उभी धरली आणि तिच्यासमोर संगमरवराचा तुकडा धरला. मांयनं मान पुढे केली, बाजूला केली, डोळे बारीक केले. कितीतरी वेळानं ती म्हणाली, "हो माका दिसना."

दुकानात लोक होते. तिनं ते हळू आवाजातही सांगितलं नाही. भाव सांगावा तसं सांगितलं, "धवो माका दिसना. टायलींत मिळून वता. आनी तो तांबसोय अर्दो दिसता. मुखार दाखय."

सुमननं गोकुळदासकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो उगाच एका ग्रॅनाइटच्या तुकड्यावरची धूळ रुमालानं पुसत होता.

चकचकीत काळा पुढे आला. सुमनला वाटलं, झालं, हाच तो. मांयला तो दिसला, तिनं बरोबर त्याच्यावर हातही ठेवला. मग बोटं ओली करून वरून फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "दिसता. पूण वयल्यान दिवो पडलो की ह्याचेर धवें धवें चकचकता, आनी निसरताय. साबण रावचो ना."

म्हणजे सुमनही पुरती बरोबर नव्हती. रंग तिला कळला होता, पॉलिश कळलं नव्हतं. आणि गंमत अशी की देवीनं आपला केलेला दगड नेमका तसलाच गुळगुळीत होता. तो बसला असता तर काय झालं असतं या विचारानं सुमन आधी घाबरली आणि पाठोपाठ तिला सुटल्यासारखं वाटलं. महादेवच्या हळदकुंकवावर ती इतके दिवस मनातून चिडली होती. तो सगळा राग त्या घटकेला गेला.

शेवटी मांयनं उचलला तो साधा काळा कडप्पा, पॉलिश न केलेला, किंचित खरखरीत. ओल्या बोटांनी तिनं तो तपासला, कडेवर अंगठा फिरवला आणि यशवंतला कड गोल करून मागितली. "मनगट आपटलें जाल्यार लागूंक नाका," ती म्हणाली.

यशवंत मशीनवर कड घासत असताना गोकुळदास सवयीनं म्हणाला, "मांय, देवळांत एक फावट विचारूंया?"

"देवीक न्हावंचें ना, माका न्हावंचें आसा," मांय म्हणाली, आणि यशवंत त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

विठूनं दुसऱ्याच दिवशी फळी बसवली. पाणी साचू नये म्हणून पुढच्या बाजूला जरासा ढाळ दिला, वरच्या टाइल्स चढवल्या, सांधे भरले. काम संपल्यावर त्यानं चहा घेतला आणि आता उद्यापासून काय करायचं अशा चेहऱ्यानं निघून गेला. सांधे वाळेपर्यंत न्हाणी वापरायची नव्हती. ते दिवस सुमननं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक.

मग ती सकाळ उजाडली. सुमननं बाल्दी भरून ठेवली, स्टूल जागेवर लावलं, कोनाड्यात साबण ठेवला आणि दाराशी उभी राहिली. मांय खांद्यावर तुवालो टाकून आली. आत गेली. दार लोटलं गेलं, आणि आतून कडी लागली.

त्या कडीच्या आवाजानं सुमन दचकली. इतके महिने जुन्या न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं असायचं आणि दोघी आत असायच्या. आता काही झालं तर आत कसं जायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं. ती दाराबाहेर पायरीवर बसली आणि कान देऊन राहिली. स्टूल सरकलं. नळ सुटला. तांब्या बाल्दीत बुडाला. मग पाण्याचा आवाज थांबला आणि कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मांयचा हात आता कोनाड्याकडे जात असेल. सुमननं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"सुमन!"

ती दाणकन उठली. "काय झाला? काय झाला, मांय?"

"तूं भायर बसल्या मगो?" आतला आवाज अगदी ठणठणीत होता. "साबण गावलो माका. वच, च्या पी. हांव सावकास न्हातां."

सुमन स्वयंपाकघरात गेली. चहा ओतून घेतला आणि मागच्या दाराशी बसली. तिथून न्हाणीतलं पाणी ऐकू येत होतं. एक तांब्या, मग दुसरा, मग आणखी एक. थोडं थांबून पुन्हा सुरू. बाल्दी संपली, पुन्हा गरम पाण्याचा नळ सुटला. ती न्हाऊ घालायची तेव्हा चारदोन तांबे झाले की मांय एवढंच म्हणायची, "पुरो गो, पुरो." म्हाताऱ्या माणसाला पाणी सोसत नाही, अशी सुमनची समजूत होती. आज कळलं की मांयला पाणी हवंच होतं. पुरतं ओलं व्हायचं होतं, केसांतून, मानेवरून कढत पाणी घ्यायचं होतं. मागायची लाज वाटत होती, एवढंच. इतके दिवस ती बाई अर्धीच न्हात आली होती, आणि आपण तिचे केस पुसून समाधानानं बाहेर पडत होतो.

सुमनला रडू आलं. ते वाईट वाटल्याचं होतं आणि सुटल्याचंही, आणि तिनं ते आवरलं नाही.

गोकुळदास आंघोळीसाठी तुवालो घेऊन आला. ऑफिसला उशीर होत होता. त्यानं न्हाणीच्या बंद दाराकडे बघितलं, बायकोच्या डोळ्यांकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, "कितें जालें गो? मांय खंय?"

"न्हातत," सुमन डोळे पुसत म्हणाली. "त्येंका वेळ लागतलो. तुमी आज विहिरीर जावा."

आतून पुन्हा नळ सुटल्याचा आवाज आला, तो गोकुळदासनं थोडा वेळ उभं राहून ऐकला, आणि मग दोरी-बाल्दी घेऊन तो विहिरीकडे गेला.